एंटरप्राइझ टेप घ्यावी की एलटीओ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका व्हिडिओ निर्मिती संस्थेकडे आज 400 टीबी मूळ फुटेज आहे. दर वर्षी त्यात 80 टीबीची भर पडते आणि सगळं किमान दहा वर्षं जपायचं आहे. त्यासाठी डेटा साठवायच्या चुंबकीय टेपचे दोन प्रस्ताव हातात आहेत. एकात एंटरप्राइझ, म्हणजे बड्या डेटा केंद्रांसाठीची टेप: आयबीएमच्या 3592 मालिकेतले टीएस1170 ड्राइव्ह (टेप लिहिणारी-वाचणारी यंत्रं) बसवलेली भलीमोठी लायब्ररी (टेपच्या डब्या, म्हणजे कार्ट्रिज, ठेवणारं आणि रोबॉटने ड्राइव्हमध्ये चढवणारं कपाट) आहे, दुसऱ्यात एलटीओ-9 चा (‘लिनिअर टेप-ओपन’ या सामाईक टेप-मानकाच्या नवव्या पिढीचा) एक ड्राइव्ह आणि कार्ट्रिज ठेवायचे चाळीस स्लॉट असलेली मिड-रेंज लायब्ररी. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट. प्रश्नकर्त्याचा कल पहिल्याकडे आहे, कारण त्यांच्याच शब्दांत, ‘एकदाच चांगलं घेऊ, मग दहा वर्षं बघायला नको.’

वीसेक वर्षं टेपच्याच धंद्यात काढल्यावर सांगतो, या वाक्यातल्या ‘बघायला नको’ या दोन शब्दांवर सगळ्यात जास्त पैसा वाया जाताना मी पाहिला आहे. तुमच्या कामाला एलटीओ पुरेल. पण दुसरा प्रस्ताव जसा आहे तसा सही करू नका, त्यातही दोन उणिवा आहेत. आधी त्या बघू, कारण त्यांचा हिशेब लागला की पहिल्या प्रस्तावाचं उत्तर निम्मं मिळतं.

पहिली खोट कार्ट्रिजच्या संख्येत. प्रस्तावात 400 टीबीसाठी नऊ कार्ट्रिज धरल्या आहेत. हे गणित आलं कुठून? एलटीओ-9 च्या वेष्टनावर 18 टीबीच्या शेजारी 45 टीबी असाही आकडा छापलेला असतो. डेटा अडीच पट दाबला जाईल असं गृहीत धरून तो काढलेला आहे. मजकूर, लॉग, डेटाबेस यांना कॉम्प्रेशन थोडंफार लागू पडतं. व्हिडिओ फाइल मात्र कॅमेऱ्यातून बाहेर पडतानाच दाबलेली असते, ड्राइव्ह तिला आणखी काय दाबणार? तुम्हाला 18 चाच आकडा धरायचा आहे. म्हणजे आज 23 कार्ट्रिज, आणि दुसरी प्रत धरून 46. दहा वर्षांनी 1200 टीबी झाल्यावर एका प्रतीच्या 67. टेप काठोकाठ भरत नाहीत, प्रकल्पानुसार वेगळ्या ठेवल्या जातात, त्यामुळे याच्यावर आणखी पंधरा-वीस टक्के धरा. एंटरप्राइझवाल्यांच्या माहितीपत्रकातही हाच खेळ असतो, तिथे तीन पट धरतात इतकंच.

दुसरी खोट एकच ड्राइव्ह असण्यात आहे. तिच्याकडे नंतर येतो.

आता वेग. टीएस1170 चा मूळ वेग सेकंदाला 400 एमबी. पूर्ण उंचीच्या एलटीओ-9 ड्राइव्हचाही 400. अर्ध्या उंचीचा घेतलात तर 300. वर्षाला 80 टीबीची भर म्हणजे 400 च्या वेगाने लिहायला 55-56 तास. दोन प्रती केल्या तर 111 तास. वर्षात तास असतात 8760! तुमचा ड्राइव्ह वर्षातले सव्वा टक्का तास काम करणार आणि उरलेला वेळ दिवे लावून बसून राहणार. सुरुवातीचं 400 टीबी चढवायला एका ड्राइव्हला साडेअकरा दिवस लागतील, तेही एकदाच.

हेच 400 टीबी दर आठवड्याला पूर्ण बॅकअप म्हणून लिहायचं असतं तर 278 तास लागले असते, आणि आठवड्यात तास 168 च असतात. तिथे दोन ड्राइव्हही जेमतेम पुरतात, तीन-चार घ्यावे लागतात. म्हणून कुणी टेपबद्दल विचारलं की मी आधी एकच विचारतो: अर्काइव्ह (एकदा लिहून जपून ठेवायचं) आहे की बॅकअप (पुन्हा पुन्हा प्रत घ्यायची)? माप टीबीत सांगितलं तर दोन्ही सारखेच दिसतात, पण ड्राइव्हच्या तासांचा हिशेब मांडला की दोघांची तोंडं दोन दिशांना असतात. तुमचं काम अर्काइव्हचं आहे.

मग एंटरप्राइझ टेप कुणासाठी? तिची थोरवी मी नाकारत नाही. टीएस1170 च्या जेएफ कार्ट्रिजमध्ये 50 टीबी मावतो. एक पीबी (हजार टीबी) ठेवायला अशा वीस कार्ट्रिज, एलटीओ-9 च्या छप्पन्न. पन्नास पीबी असेल तर तिकडच्या एक हजाराला एलटीओच्या जवळपास अठ्ठावीसशे पडतात, आणि त्या फरकात लायब्ररीच्या अख्ख्या चौकटी, जमिनीची जागा, रोबॉटचे हात, सगळंच वाचतं. अशा ठिकाणी महागडा ड्राइव्ह शेवटी स्वस्त पडू शकतो. तुमच्या 1200 टीबीला मात्र हा फरक 24 विरुद्ध 67 एवढाच, म्हणजे त्रेचाळीस स्लॉट. मिड-रेंज लायब्ररीला खालून जोडायचं एखादं मॉड्यूल वाढवलं की तो भरून निघतो.

दुसरा फायदा टेप दिवसरात्र चढत-उतरत असतात तिथला. 3592 ची कार्ट्रिज आणि तिची यंत्रणा मुळातच तशा रगाड्यासाठी घडवलेली आहे. टेपवर नेमक्या जागी पोचायला ती अधिक बारकाईची सूची ठेवते, त्यामुळे मधली एखादी फाइल शोधायला वेळ कमी लागतो. संशोधन संस्थांत शास्त्रज्ञ जुना डेटा रोज मागत असतात, तिथे शोधाचे तीस-चाळीस सेकंद वाचले तरी दिवसाला तास वाचतात. तुमच्याकडे संपादक महिन्यातून दोनदा जुनं फुटेज मागणार. तो चहा पिऊन येईपर्यंत फाइल आली तर त्याची काही तक्रार नसते.

विक्रेते एक गोष्ट सांगत नाहीत. एंटरप्राइझ टेपमध्ये येणाऱ्या बहुतेक नव्या गोष्टी काही वर्षांत एलटीओत उतरतात. बेरियम फेराइट या चुंबकीय पदार्थाचा थर 2011 मध्ये महागड्या कार्ट्रिजवर आला, 2012 मध्ये एलटीओ-6 मध्ये दिसला. एकाच वेळी 32 ट्रॅक लिहिणारं हेड 3592 मध्ये 2011 ला होतं, एलटीओ-7 मध्ये 2015 ला आलं. ड्राइव्हमधलं एनक्रिप्शन 2006 मध्ये तिकडे, 2007 मध्ये एलटीओ-4 मध्ये इकडे. टेपवरच्या अनेक फाइल कोणत्या क्रमाने वाचल्या तर फेऱ्या कमी होतील हे ड्राइव्हनेच सुचवायची सोय होती तिकडची, आता ती पूर्ण उंचीच्या एलटीओ-9 मध्येही आहे. जास्तीचे पैसे मोजून तुम्ही काही वर्षांची आघाडी विकत घेता. ज्याला त्या आघाडीतून रोज काहीतरी मिळतं त्याने जरूर घ्यावी. फुटेज कपाटात ठेवून विसरून जाणाऱ्याला ती कशाला?

‘गुंतवणूक सुरक्षित राहते’ हा युक्तिवादही तुम्हाला ऐकवला गेला असेल. एके काळी त्यात तथ्य होतं. नवा ड्राइव्ह घ्यायचा आणि जुनीच कार्ट्रिज जास्त घनतेने पुन्हा लिहायची, असं 3592 मध्ये करता यायचं. जेसी कार्ट्रिज टीएस1140 वर 4 टीबीची होती, टीएस1150 वर 7 टीबीची झाली. जेडी 10 ची 15 झाली. हजारो कार्ट्रिज असलेल्याला ही चांदीच होती. पण टीएस1170 फक्त जेएफ कार्ट्रिज घेतो, आधीच्या कार्ट्रिज तो वाचतसुद्धा नाही. तेव्हा हा मुद्दा कुणी पुढे केला तर शांतपणे विचारा, ‘कोणती कार्ट्रिज, कोणत्या ड्राइव्हमध्ये?’ समोरच्याने माहितीपत्रक पुन्हा उघडलं की समजून जा.

एलटीओच्या बाजूलाही हाच रोग आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. एलटीओ-7 पर्यंत दोन पिढ्या मागचं वाचायचं आणि एक पिढी मागचं लिहायचं, हा नियम डोळे मिटून धरता यायचा. हेडचं तंत्र बदललं आणि एलटीओ-8 पासून एकच पिढी मागचं वाचता येऊ लागलं. 2025 मध्ये आलेला एलटीओ-10 तर मागचं काहीच घेत नाही. मधल्या काळात आणखी एक खड्डा खणून ठेवला गेला. कोऱ्या एलटीओ-7 कार्ट्रिजवर एलटीओ-8 ड्राइव्हने 6 ऐवजी 9 टीबी लिहायची सोय निघाली, तिला एम8 म्हणतात. स्वस्तात जास्त जागा म्हणून लोकांनी हौसेने वापरली. ती कार्ट्रिज एलटीओ-9 वाचत नाही. तेव्हाची ही बचत आज वेगळे एलटीओ-8 ड्राइव्ह सांभाळून फेडावी लागते आहे.

हाय-एंड वस्तू बाजारात जास्त टिकते, हाही एक भ्रम आहे. स्टोअरेजटेकची (ही कंपनी पुढे ऑरेकलकडे गेली) टी10000 ही एंटरप्राइझ टेपची मालिका घ्या. 2013 चा टी10000डी एका कार्ट्रिजवर 8.5 टीबी लिहायचा. त्याच सुमाराच्या एलटीओ-6 वर 2.5 टीबी मावायचं. यंत्र अव्वल होतं, माझ्या मते त्या काळातलं सर्वोत्तम. पण ऑरेकलने पुढे ती मालिकाच थांबवली, आणि सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणीही त्या टेपांवरचा डेटा दुसऱ्या टेपांवर उतरवायची वेळ आली. दुसरीकडे सुपरडीएलटी हे टेपचं स्वरूप होतं मिड-रेंजमधलं, तेही गेलं. दोन्ही मालिका एकेकाच कंपनीच्या भरवशावर होत्या. श्रेणी वेगवेगळी, शेवट सारखाच.

एलटीओचं नाव ‘ओपन’ असलं तरी तिथेही पाया पूर्वीइतका रुंद राहिलेला नाही. नव्या पिढ्यांची कार्ट्रिज बनवणारे दोनच उरले, फुजीफिल्म आणि सोनी. ड्राइव्हच्या पेटीवर नाव कुणाचंही असो, आतलं यंत्र आयबीएमचं असतं. 2019 मध्ये या दोन कार्ट्रिजवाल्यांचा पेटंटवरून वाद चालू होता, तेव्हा एलटीओ-8 चे ड्राइव्ह मिळत होते आणि त्यात घालायला टेप मिळत नव्हती. त्या वर्षापासून मी प्रत्येक ठिकाणी वर्षभराच्या कोऱ्या कार्ट्रिज आधीच घेऊन ठेवायला सांगतो. तरीही एका वेळी अनेक विक्रेते, सुटे भाग आणि वापरलेले ड्राइव्ह मिळण्याची सोय एलटीओलाच आहे. दहा वर्षांनी जुनी टेप वाचायला ड्राइव्ह शोधायची वेळ आली तर ही सोय सोन्याहून मोलाची ठरते.

टेप तीस वर्षं टिकते असं म्हणतात, ते खरं आहे, 16 ते 25 अंश सेल्सिअस आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता राखली तर. पण तीस वर्षं ड्राइव्ह टिकत नाही, त्याचे सुटे भाग टिकत नाहीत, त्याची केबल लावायला सर्व्हरमध्ये जागा उरत नाही. म्हणून कोणतीही श्रेणी घ्या, सात-आठ वर्षांनी स्थलांतर ठरलेलंच. सात वर्षांनी तुमच्याकडे 960 टीबी असेल. एका ड्राइव्हवरून वाचून दुसऱ्यावर लिहीत गेलं तर कागदावर 28 दिवस, प्रत्यक्षात पडताळणी आणि अडलेल्या टेपांसह दोन महिने धरा. ही दोन महिन्यांची मजुरी आणि नव्या कार्ट्रिजचा खर्च आजच्या अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून दिसला पाहिजे. दोन्ही प्रस्तावांत ती ओळ नाही. पहिल्या प्रस्तावात सगळा पैसा आजच खर्ची पडतो, त्यामुळे तेव्हा हात रिकामे असतील.

म्हणून माझा सल्ला: दोन प्रस्तावांच्या किमतीतल्या फरकातून वाचलेला पहिला पैसा दुसऱ्या ड्राइव्हवर घाला. एक बंद पडला तर काम थांबत नाही हे झालंच, पण एका ड्राइव्हने लिहिलेली टेप दुसऱ्याने वाचून बघता येते हा त्याहून मोठा लाभ. हेड किंचित बिघडलेला ड्राइव्ह आपलं स्वतःचं अक्षर बिनचूक वाचतो आणि दुसऱ्या कुणालाच ते लागत नाही, हे मी दोनदा अनुभवलं आहे. दोन्ही वेळा ते उघडकीला आलं ते ड्राइव्ह बदलल्यानंतर.

दुसरा पैसा ड्राइव्हला डेटा पोचवणाऱ्या वाटेवर. एका ठिकाणी (नाव नको) चार एंटरप्राइझ ड्राइव्हची देखणी लायब्ररी बसवली होती. काचेआड निळे दिवे, रोबॉटचा हात वर-खाली पळतोय, पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचे. बॅकअप मात्र संपत नव्हता म्हणून मला बोलावलं. मी आकडे बघण्याआधी कान दिला. चालता ड्राइव्ह एका सुरात गुणगुणतो. हे चारही ड्राइव्ह घर्र करून थांबत, मागे जात, पुन्हा घर्र करत. सर्व्हरला येणारी तार एक गिगाबिटची होती, म्हणजे सेकंदाला फार तर 110-115 एमबी, आणि त्यात चौघांची वाटणी. ड्राइव्ह वेग कमी करून बघतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते. तिच्याखाली डेटा आला की टेप थांबवायची, मागे गुंडाळायची, पुन्हा पुढे पळवायची. याला शू-शायनिंग म्हणतात, बूट पुसणाऱ्याच्या फडक्यासारखी टेप हेडवरून पुढे-मागे घासत राहते. वेळ जातो, टेप झिजते, हेडही झिजतं. एक 10 गिगाबिटची तार आणि मध्ये एसएसडीचा थोडा साठा एवढ्यावर ते प्रकरण मिटलं. चारपैकी दोन ड्राइव्ह त्यानंतर कधी लागलेच नाहीत.

एलटीओ-9 घेणार असाल तर पहिल्या दिवसाची तयारी ठेवा. या पिढीची कोरी कार्ट्रिज पहिल्यांदा चढवली की ड्राइव्ह तिचं मोजमाप घेत बसतो, कधी पाऊण तास, कधी दोन तासांपर्यंत. पडद्यावर फारसं काही हलत नाही. अननुभवी माणसाला वाटतं यंत्र अडकलं, आणि तो वीज बंद करून चालू करतो, मग सगळं पहिल्यापासून. आलेल्या सगळ्या कार्ट्रिज एका शनिवार-रविवारी ओळीने चढवून मोकळं व्हावं. ज्या खोलीत वापरायच्या त्याच हवेत आधी एक दिवस ठेवून, मग.

एलटीओ-10 मध्ये ही कटकट नाही, आणि तुमच्याकडे जुनी एकही टेप नाही, म्हणजे ‘मागचं वाचत नाही’ हा त्याचा दोषही तुम्हाला लागू नाही. तेव्हा त्याचंही दरपत्रक मागवा. त्याची सुरुवातीची कार्ट्रिज 30 टीबीची, वेग तोच 400. भरलेली टेप आख्खी वाचायला एलटीओ-9 ला साडेबारा तास, याला जवळपास एकवीस, टीएस1170 ला तर पावणेपस्तीस. टेपची पोटं वाढत चालली आहेत, वेग तिथेच आहे. मोठी टेप खराब झाली तर एका झटक्यात जाणारं फुटेजही तेवढंच जास्त. शेल्फवर एलटीओ-8 च्या टेपा असत्या तर मी विचार न करता 9 च सुचवला असता.

सॉफ्टवेअरवर दोन शब्द. फुटेज एलटीएफएस स्वरूपात लिहा. ते 2010 मध्ये एलटीओ-5 बरोबर आलं, पुढे आयएसओ मानकही झालं. टेप चढवली की फोल्डर आणि फाइल दिसतात, कुणाच्या लायसन्सची परवानगी लागत नाही. स्वतःच्या खासगी स्वरूपात लिहिणारं सॉफ्टवेअर घेतलंत तर दहा वर्षांनी टेप, ड्राइव्ह आणि ते सॉफ्टवेअर असे तीन पाहुणे एकाच वेळी जागे असावे लागतात. काही लायब्ऱ्यांत यंत्रात बसवलेले स्लॉटसुद्धा लायसन्स भरल्याशिवाय उघडत नाहीत, तो दर आत्ताच लेखी घ्या. एनक्रिप्शन लावणार असाल तर चाव्यांची कागदावरची प्रत तिजोरीत ठेवा. मी एकदा दीडशे धडधाकट टेपा निव्वळ चावी हरवली म्हणून टाकून देताना पाहिल्या आहेत.

दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत हवी, हे सांगायला नको. तिथे नेताना कार्ट्रिज पडली तर तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. तिचं छोटं दार बोटाने सरकवून आत बघा. टेपच्या टोकाला असलेली धातूची पिन दोन्ही बाजूंच्या खाचांत सरळ बसलेली दिसली पाहिजे. तिरकी असेल तर ती एक कार्ट्रिज ड्राइव्हही घेऊन बसेल.

आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून एक चाचणी लिहून घ्या. तुमचंच दहा टीबी फुटेज लिहायचं, कार्ट्रिज काढायची, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये चढवायची, वेगळ्या सर्व्हरवर, त्यांचा माणूस जवळ नसताना. तुमच्या कनिष्ठ सहकाऱ्याने एक फाइल मागायची आणि ती उघडून संपादकाला दाखवायची. मी हे मागितल्यावर एका विक्रेत्याने ‘एवढं कुणी करत नाही, साहेब’ असं ऐकवलं होतं. दरपत्रकात तोवर एकच ड्राइव्ह होता, दुसऱ्याची ओळ त्या बोलण्यानंतर आली.